शेषरावभाऊ, मीटर बरोबर होतं

शेषरावभाऊ, तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले आणि मी अजून तुमच्याशी भांडूनच राहिले. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला ही खोड लागते. समोर कोणी असो की नसो, बोट दाखवून बोलत राहायचं. वस्तीतल्या अन्यायावर बोलणाऱ्या आमच्या मंडळाची पत्रकं मीच लिहिते हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही ती वाचायचे, आणि वाचून झाली की लॅबमधली लाल पेन्सिल घेऊन मार्क दिल्यासारख्या खुणा करायचे. एकदा म्हणाले होते, "हे पत्रक व्हय का किराण्याची यादी? पहिला अन्याय, दुसरा अन्याय, तिसरा अन्याय. खाली एकूण लिहायचं राहिलं पाह्य तुह्यं."

तुमचा जन्म कधीचा, शिक्षण किती, मागे कोण कोण आहे, हे मी लिहिणार नाही. तुम्ही इकडं मध्य प्रदेशात, आमच्या कॉलेजात फिजिक्सचे लॅब असिस्टंट होते, तिगावचे, घरी संत्र्याचा बगीचा, एवढं वाचणाऱ्याला पुरे. मला जे सांगायचं आहे ते एका प्रॅक्टिकलचं आहे आणि एका सहीचं. त्यातलं अर्धं मला अजून समजलेलं नाही.

डायोड मी पहिल्यांदा तुमच्या तळहातावर पाहिला. तुरीच्या दाण्यापेक्षा जरा लांब, काळा, दोन्हीकडून तार, एका टोकाला पट्टा. कॉलेजातले डायोड वापरून वापरून असे झाले होते की पट्टेच पुसले गेलेले. तुम्ही तंबाखूच्या डबीतला चुना नखावर घ्यायचे आणि नवा पट्टा ओढायचे. दोन दिवसांत तो झडायचा, मग पुन्हा चुना. सर वर्गात नोट्स हिंदीतून वाचून दाखवायचे आणि आम्ही त्या उतरवायचो, पण समजायचं ते मागच्या खोलीत, मोडक्या गॅल्व्हानोमीटरच्या ढिगापाशी, तुमच्याकडून.

"पट्ट्याकडं वीज जाते, पट्ट्याकडून येत नाई," तुम्ही सांगितलं. "अन् जायलेबी मागून धक्का लागते, पॉइंट सात व्होल्टचा. त्याच्याहून कमी असन तं हा बाबू फाईल पुढं सरकवत नाई."

सरांनी आम्हाला अध्यारोपणाचं प्रमेय शिकवलं होतं. सर्किटमध्ये दोन बॅटऱ्या असल्या तर एक घ्यायची, दुसरीच्या जागी नुसती तार आहे असं समजायचं, पहिलीचा प्रवाह काढायचा. मग दुसरी घ्यायची. शेवटी दोन्हींची बेरीज. मला ते प्रमेय फार आवडायचं. कोणी किती केलं ते वेगवेगळं दाखवता येतं आणि खाली एकूण येतो. तुम्ही मात्र डोकं हलवलं.

"तारा अन् रेझिस्टन्स हायेत तोवर ठीक. मधात डायोड आला का बेरीज मोडली."

"काहून?"

"काहून का तो एकटीपुढं वेगळा वागते अन् दोघीपुढं वेगळा. समोर कोण कोण हाय ते पाहून चालू-बंद होते तो."

"मग काढाचं कसं?"

"मानाचं. आधी मान का तो चालू हाय. तसं मानून साऱ्या सर्किटचा प्रवाह काढ. उत्तर उणे आलं, म्हंजे वीज पट्ट्याकडून उलटी चालली असं आलं, तं समज का मानलं ते चूक. मग तो बंद हाय असं मान अन् पहिलेपासून कर."

"एकच गणित दोनदा?"

"चुकलं तं दोनदा."

मला पटलं नाही. आपणच मानायचं आणि आपणच खोडायचं, हे कसलं गणित? मी म्हटलं, "भाऊ, आमच्यात असं चालत नाई. एकदा भूमिका घेतली का घेतली." तुम्ही हसले. म्हणाले, "भूमिका सभेत घे. इथं चिन्ह पाह्य."

तुमच्या त्या हसण्याचा मला तेव्हा राग आला होता. आता राग कशाचा येतो तेच कळत नाही.

मग ते वार्षिक प्रॅक्टिकल. मी जे खाली लिहीत आहे त्यातलं एक वाक्य दोघांनाच माहीत होतं, तुम्हाला आणि मला. तुम्ही गेले म्हणजे आता ते मला एकटीलाच माहीत, आणि ही गोष्ट मला या नऊ दिवसांत सगळ्यात जास्त खात आहे.

टेबलवर सर्किट जोडून ठेवलेलं होतं. एक सहा व्होल्टची बॅटरी, एक नऊची, दोन्ही आपापल्या हजार ओहमच्या रेझिस्टन्समधून एकाच बिंदूला येऊन मिळालेल्या. नऊवाली उलटी जोडलेली. त्या बिंदूपासून पुढे डायोड, आणखी एक हजार ओहम, आणि शेवटी मिलिअँपिअर मीटर. डायोडमधला प्रवाह आधी गणितानं काढा, मग मीटरवर पाहून लिहा, असा प्रश्न. मी सरळ माझं आवडतं प्रमेय लावलं. सहावाली एकटी घेतली, उत्तर आलं दीडच्या जरा वर, १.५३. नऊवाली एकटी घेतली. ती उलटी, तिच्यापुढं डायोड बंद, शून्य. बेरीज १.५३. पाच मिनिटांत झालं. मग स्विच दाबला आणि मीटरचा काटा जागचा हलला नाही.

काचेवर टिचकी मारली. आपल्या लॅबमधले निम्मे काटे टिचकी खाल्ल्याशिवाय हलत नव्हते. पुन्हा मारली. तुम्ही रांगेतून चालत होते. परीक्षेत तुम्हाला बोलायची मनाई होती. माझ्याकडे न पाहता, न थांबता, तुम्ही म्हणाले, "मीटर बरोबर हाय," आणि पुढे गेले.

मी ऐकलं. ऐकून वहीत रीडिंग लिहिलं, १.४८.

बाहेरच्या वाचणाऱ्याला हे सांगावं लागेल. आमच्याकडे याला रीडिंग बसवणं म्हणतात. पहिल्या वर्षाला आल्या आल्या पुढच्या वर्गातली पोरं हेच आधी शिकवतात. उत्तर काढायचं, मग उत्तराला शोभेल असं रीडिंग लिहायचं. तंतोतंत लिहायचं नाही, जरा इकडंतिकडं, म्हणजे खरं वाटतं. मीटर बिघडलेले, बॅटऱ्या उतरलेल्या, सगळ्यांना माहीत. सरांनाही माहीत. त्यामुळे मला त्या दिवशी चोरी केल्यासारखं काहीच वाटलं नव्हतं. १.५३ ला १.४८ छान शोभतं, एवढंच वाटलं. शेजारच्या टेबलवरच्या पोरानं मान लांब केली आणि माझं १.४८ जसंच्या तसं आपल्या वहीत घेतलं. त्याच्यासमोरही तेच सर्किट होतं. त्याचाही काटा हलत नव्हता.

मग तोंडी परीक्षा. परीक्षक बाहेरून आलेले.

"नाम?"

सांगितलं.

"पूरा नाम."

आडनाव सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "कहाँ से आती हो?"

"सौंसर."

"सौंसर में किधर?"

वस्तीचं नाव सांगितलं. ते "अच्छा, अच्छा" म्हणाले, माझी वही न उघडता बाजूला सरकवली आणि म्हणाले, "चलो, हो गया." सर्किटवर एक अक्षर विचारलं नाही. माझ्यानंतर तो शेजारचा पोरगा बसला, त्याच्याशी दहा मिनिटं बोलले. पहिली पाच मिनिटं त्याच्या काकांच्या तब्येतीवर.

तुम्ही दारात उभे होते. तुम्ही सगळं पाहिलं.

त्या वर्गात आमच्या वस्त्यांमधल्या आम्ही दोघीच होतो, मी सौंसरची आणि सुमन रामाकोन्याची. दोघीही प्रॅक्टिकलमध्ये नापास. माझं १.४८ उतरवणारा पोरगा चांगल्या मार्कांनी पास.

मी पत्रक काढलं. मथळा दिला, 'उत्तर बरोबर, आडनाव चूक.' मथळा जमला की माझं अर्धं पत्रक होतं, हे तुम्ही मला कितीदा ऐकवलं होतं. खाली लिहिलं, दोन्ही विद्यार्थिनींचं गणित आणि रीडिंग अचूक असताना त्यांना नापास करण्यात आलं, फेरपरीक्षा झालीच पाहिजे. सुमनला मी काही विचारलंसुद्धा नव्हतं. तिच्याकडून सही तेवढी आणली, तीही तिच्या भावाच्या हातून. तुमची सही घ्यायला मात्र मी स्वतः आले, पांढुर्ण्याच्या स्टँडवर, चहाच्या दुकानापाशी. तुम्ही पत्रक दोनदा वाचलं.

"वाचलं न? करा मग सही," मी म्हटलं. "तुम्ही तथी होते. तुमच्यासारख्या माणसाची सही असली तं कोणी जातीचं भांडण म्हणून उडवून लावणार नाई."

"माह्यासारख्या म्हंजे?"

"तुम्हाले समजत नाई का? कुणब्याची सही."

तुम्ही पत्रकाची घडी केली, पुन्हा उघडली. "इथं लिहिलं, रीडिंग अचूक. अचूक कुठं होतं पोरी? काटा शून्यावर होता."

"रीडिंग तं सारेच बसवतात."

"बसवतात न. तेच लिही मग, का सारेच बसवतात."

"म्हंजे परीक्षकानं बरोबर केलं?"

"नाई. त्यानं तुले सर्किटवर विचारलंच नाई, वही उघडली नाई, हे मी माह्या डोयानं पाह्यलं. ते लिही. दोन्ही लिही. तुह्यं उत्तर चुकलं अन् त्याची नियत चुकली. मी आत्ता सही करतो."

"दोन्ही लिहिलं तं आमच्या हातात काय राह्यते? एक सांगा. मी नापास कायच्यानं झाली? उत्तरानं का आडनावानं?"

"वेगवेगळं काढता येत असतं तं सांगतलं असतं."

"म्हंजे तुम्हाले सांगायचं नाई."

"ऐक तं. त्या दुसऱ्या पोरीची वही..."

ते वाक्य मी तुम्हाला पूर्ण करू दिलं नाही. मी म्हटलं, "समजलं. शेवटी माणूस आपल्या जातीतच जाऊन बसते." मोठ्यानं म्हटलं. चहावाल्यानं मान वर केली. बाकावरचे दोघं-तिघं बोलता बोलता थांबले. तुम्ही ग्लास खाली ठेवला आणि रस्त्याकडं पाहत म्हणाले, "बस लागली तुह्यी."

यानंतर आपण बोललो नाही. पत्रक तुमच्या सहीशिवायच छापलं गेलं.

पावसाळ्यात तुम्हाला कावीळ झाल्याचं कळलं. मी आले नाही. कामं होती असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे मी वाट पाहत होते की तुम्ही निरोप पाठवाल, चल पोरी, कर सही म्हणाल. आजारी माणसानं माझ्याकडे यावं अशी माझी अपेक्षा होती. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, आणि तरी त्याच वेळी असंही वाटतं की तुम्ही तेव्हाच सही केली असती तर काय बिघडलं असतं. एवढ्या वर्षांत एवढे लोक खोट्यावर सह्या करतात. तुमची एक. पाहा, अजून मी हेच बोलून राहिले.

तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तिगावला आले. ताईंनी, तुमच्या बायकोनं, मला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. "तुम्ही त्या सौंसरवाल्या? बसा." भांडणाचं त्यांना माहीत नव्हतं. तुम्ही घरी सांगितलंच नव्हतं. अंगणात बायका बसल्या होत्या. ताई मला आत घेऊन गेल्या, पाणी दिलं आणि विचारलं, "मग झाल्या का तुम्ही पास?"

"नाई ताई."

"हे म्हणत होते, हुशार हाय ती पोरगी पण चिन्ह पाह्यत नाई. चिन्ह म्हंजे काय वो? मी विचारलं तं हासून राह्यले नुसते."

मी म्हटलं, अधिक-उणे. ताई म्हणाल्या, "एवढंच?" आणि मग इतक्या वेळ आवरून धरलेलं त्यांचं रडणं सुटलं. मी त्यांचा हात धरून बसले. मला सांगायचं होतं की ताई, मी यांना असं असं बोलले. दुसऱ्याची गोष्ट मी चौकात उभी राहून सांगू शकते, स्वतःची एक ओळ आली नाही.

तिथून परत आले तर प्रल्हाद माझी वाट पाहत होता. हा आमच्या मंडळाचा सेक्रेटरी, सौंसरला छापखान्यात खिळे जुळवतो, आमची पत्रकं त्याच्याच हातून निघतात. मनानं चांगला आहे, उगाच वाईट म्हणणार नाही. शनिवारी पांढुर्ण्याला तुमची शोकसभा आहे. कॉलेजचे सगळे येतील, गावातले येतील. प्रल्हादनं पत्रकाची दुसरी आवृत्ती जुळवून ठेवली होती. मजकूर तोच. खाली नवी ओळ, 'या अन्यायाचे प्रत्यक्ष साक्षीदार, दिवंगत शेषरावभाऊ.' तुमचा फोटोही कुठून तरी मिळवला होता.

"परीक्षकानं वही उघडली नाई हे त्यायनं तुले सांगतलं होतं का नाई?" प्रल्हादनं विचारलं.

"सांगतलं होतं."

"मग साक्षीदार झाले न ते. खोटं काय त्याच्यात?"

"वरचं रीडिंग खोटं हाय."

"ते कोणाले माहीत हाय?"

"मले."

"तू तं आपलीच हायेस," प्रल्हाद म्हणाला. त्यानं सहज म्हटलं. मी प्रूफ उचलून तिथून निघाले, कारण चहाच्या दुकानापाशी मी तुमच्याकडून नेमकी हीच अपेक्षा केली होती.

घरी येऊन त्या प्रूफच्या मागच्या बाजूला ते गणित पहिल्यांदा तुमच्या पद्धतीनं केलं. परीक्षेनंतर इतके महिने मी ते केलंच नव्हतं. पत्रक लिहायला लागलंच नाही त्याचं काम. आधी डायोड चालू मानला. दोन्ही बॅटऱ्या एकदम घेतल्या. उत्तर आलं उणे १.४७. शेषरावभाऊ, मी त्या आकड्याकडं किती वेळ पाहत बसले. मनानं बसवलेल्या माझ्या १.४८ च्या तो इतका जवळ होता की नुसतं उणे चिन्ह खोडलं असतं तर सगळं जुळलं असतं. आणि आधीची मी असते तर खोडलंही असतं, हातचुकीनं आलं म्हणून. या वेळी खोडलं नाही. उणे आलं म्हणजे मानलं ते चूक. मग बंद मानला. नऊवाली सहावालीला मागे ओढत होती, डायोडवर दीड व्होल्टचा उलटा दाब, प्रवाह शून्य. काटा जिथं होता तिथंच असायला पाहिजे होता.

सहा व्होल्टची बॅटरी तिथं पूर्ण जोरानं लावलेली होती. तरी तिचा डायोडमधला वाटा किती, असं विचारलं तर उत्तरच नाही. नऊवाली समोर असताना डायोड दोघींसाठी बंद.

मग मी तसंच माझंही काढायला बसले. परीक्षक भला असता आणि उत्तर हेच असतं, तर? शेजारचा पोरगा याच उत्तरावर पास झाला, म्हणजे मीही झाले असते. कदाचित. त्याची तोंडी खरंच चांगली गेली असेल, काकांच्या नंतरची पाच मिनिटं काय बोलले ते मी ऐकलेलं नाही. बरं, परीक्षक हाच आणि उत्तर बरोबर असतं, तर? इथं मी अडकले. याचं उत्तर एकाच माणसाकडं असू शकत होतं आणि त्या माणसाला मी विचारलंच नव्हतं. तुमचं अर्धं राहिलेलं वाक्य मला तेव्हा आठवलं.

दुसऱ्या दिवशी रामाकोन्याला गेले. सुमन कपाशीत निंदायला गेली होती. बांधावर उभी राहून हाक मारली. ती विळा घेऊनच आली.

"त्या दिवशी तुह्यं मीटर काय दाखवत होतं?"

"आता इचारते? पत्रक छापून झाल्यावर?"

"सांग न."

"शून्य."

"मग तू काय लिहिलं?"

"शून्य दिसलं तं शून्य लिहिलं. काय लिहू मग, तुह्या मनचं?"

"अन् गणित?"

"आलं नाई. सोडून देलं."

"रीडिंग काहून नाई बसवलं?"

सुमननं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच पहिल्या वर्षाला आहे. "उत्तरच नव्हतं तं कायले बसवू?" मग म्हणाली, "शेषरावभाऊ आले होते टेबलापाशी. माह्या वहीत पाह्यलं अन् मान हलवली. मले वाटलं, झालं, गेली मी."

तुम्ही मान कशी हलवली होती, भाऊ? मी तिला दोनदा विचारलं. आडवी की उभी? तिला सांगता येईना.

साऱ्या वर्गात काटा जिथं होता तिथं लिहिणारी ती एकटी असेल. मीटर बरोबर होतं आणि तिची वही बरोबर होती, निदान अर्धी. ती नापास. माझं चुकलेलं आणि बसवलेलं, मी नापास. माझंच चुकलेलं उतरवून घेणारा पास. मी या तिघांची बेरीज कशीही मांडली तरी खाली एकूण येत नाही. गणित सोडून दिलं म्हणून सुमन नापास झाली, असं कॉलेज म्हणेल, आणि ते अगदीच खोटं म्हणता येणार नाही. तरी तिघांना एकाच खोलीत, एकाच माणसानं तपासलं होतं. माझा संताप कमी झालेला नाही. तो कुठं ठेवायचा एवढंच समजत नाही.

मी नवं पत्रक लिहिलं. मथळा दिला नाही. लिहिलं की माझं गणित चुकलं होतं आणि रीडिंग मी मनानं लिहिलं होतं, काटा शून्यावर होता. आमच्या लॅबमध्ये रीडिंग बसवण्याची रीत आहे आणि ती सगळे पाळतात. तेच रीडिंग शेजारच्या वहीत सापडेल, दोन्ही वह्या बाजूबाजूला ठेवून पाहाव्यात. सुमननं खरं रीडिंग लिहिलं. परीक्षकांनी आमची आडनावं आणि वस्ती विचारली, सर्किट विचारलं नाही. यातल्या कशामुळं काय झालं हे आम्हाला सांगता येत नाही, म्हणून वह्या दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

प्रल्हादनं वाचलं आणि तो चिडला. "हे छापलं का कॉलेजवाले म्हणतीन, पाहा, स्वतःच कबूल करते खोटारडी. तुह्यं तं गेलंच, संग सुमनचंबी जाईन. दोघींचं वर्ष पाण्यात."

हे त्याचं म्हणणं खरं होऊ शकतं. माझं मी ठरवू शकते, सुमनचं कोणत्या अधिकारानं? एकदा तिला न विचारता तिचं उत्तर अचूक म्हणून छापलं होतं. म्हणून कागद घेऊन परत रामाकोन्याला गेले. ती ओसरीवर बसून सावकाश वाचत गेली.

"हे काय, 'सुमननं भीतीमुळे गणित सोडलं'? भीतीनं नाई सोडलं. आलं नाई म्हणून सोडलं."

खोडलं.

"अन् हे 'गरीब शेतमजुराची मुलगी', हेबी काढ."

"खरं हाय न ते."

"खरं हाय. पण काटा शून्यावर होता त्याच्याशी त्याचा काय संबंध?"

तेही खोडलं. प्रल्हाद काय म्हणाला ते मी तिला जसंच्या तसं सांगितलं, वर्ष जाईल हेही. ती म्हणाली, "गेलेलंच हाय ते. हे तरी खरं जाईन." आणि सही केली, या वेळी स्वतः, पूर्ण नाव.

मग तिनं विचारलं, "अन् भाऊचं नाव?"

हाच प्रश्न मी बसमध्ये रस्ताभर स्वतःला विचारत आले होते. तुम्ही म्हणाले होते, दोन्ही लिही, मी आत्ता सही करतो. आता दोन्ही लिहिलं आहे. तुमच्या शब्दानं तुमचं नाव इथं यायला हरकत नाही. मी सुमनला तसं म्हटलं. ती म्हणाली, "पण त्यायनं हे वाचलं कुठं हाय?"

नाव टाकलं नाही. फोटोही नाही. ते बरोबर केलं की चूक, मला सांगता येत नाही. नाव टाकणार होतो तेव्हाही तुम्हाला विचारलं नव्हतं, आणि काढलं तेही न विचारताच काढलं.

शनिवारी सभेत हा कागद वाटला जाईल. प्रल्हादनं छापला तर छापील, नाहीतर कार्बन घालून हातानं लिहिलेला. तिगावला ताईंना एक प्रत मी सभेच्या आधी नेऊन देणार आहे, कारण त्यात सगळ्यात खाली मी आणखी एक वाक्य लिहिलं आहे: पांढुर्ण्याच्या स्टँडवर लोकांसमोर मी शेषरावभाऊंवर जातीचा आरोप केला, तो खोटा होता.

हे वाक्यही मी सुमनला तपासायला दिलं होतं. तिनं वाचलं आणि कागद परत माझ्या हातात दिला.

"हे तुह्यं तू पाह्य," म्हणाली.